आवाज कसा येतो ते लिही

९ जानेवारी

तीर्थस्वरूप काका,

मावशीने बजावलंय की पत्राच्या डोक्यावर ‘तीर्थस्वरूप’ नसेल तर तुम्ही पुढे वाचतच नाही. म्हणून लिहिलं. आता वाचा.

मी तुमच्या भावजयीची भाची, जिला तुम्ही गेल्या महिन्यात गाडी विकलीत ती. किल्ली देताना तुम्ही माझ्याशी अवाक्षर बोलला नाहीत. बॉनेटवर दोन थापा मारल्यात आणि जिना चढून गेलात. ‘काका, गाडीबद्दल काही सांगायचंय का?’ म्हणून मी मागून ओरडलेसुद्धा, पण तुम्ही वळून बघितलं नाहीत. मनात म्हटलं, काय तुसडा माणूस आहे! तेव्हापासून फोन लावतेय, तोही उचलत नाही. शेवटी मावशी म्हणाली, पत्र लिही, पत्राला ते उत्तर देतात.

तर ऐका. मी घरोघरी जाऊन पेशंट बघणारी नर्स आहे. जखमा धुणं, इंजेक्शनं, अंथरुणाला खिळलेल्यांची कूस बदलणं, असलं सगळं. वॉर्डात खूप वर्षं काढली. तिथे पेशंटचं नाव पाठ होईपर्यंत खाट रिकामी होते. ह्या कामात तसं नाही. कोणाच्या घरात कुठली खिडकी नीट लागत नाही हेसुद्धा मला माहीत झालंय. पण नोकरी अजून कच्ची आहे आणि स्वतःची गाडी ही अट आहे. जूनमध्ये गाडीची वार्षिक तपासणी आहे. त्यात पास झाली तर मी पक्की, नाहीतर परत वॉर्डात. आणि मला परत जायचं नाही, म्हणजे नाही.

आता तुमच्या ह्या खटाऱ्यातून पुढच्या बाजूने विचित्र आवाज येतोय. इथला मेकॅनिक म्हणतो, गाडीचं वय झालं, भंगारात द्या. माझा भाऊ म्हणतो, तो बरोबर म्हणतोय. मी दोघांनाही सांगितलंय की मी ही गाडी चालवणार. काय करू ते सांगा.

तुमची,
गाडीवाली भाची


१७ जानेवारी

चि. नर्सबाईस आशीर्वाद.

पहिली गोष्ट, माझ्या गाडीला खटारा म्हणायचं नाही. तिचं नाव बाईसाहेब. भाड्याने गाडी चालवून मी घर चालवलं, ती ही गाडी. तिच्या मागच्या सीटवर बाळंतिणी बसल्या, नवऱ्यामुली बसल्या, कोर्टात निघालेले भाऊ-भाऊ तोंडं दोन दिशांना करून बसले. किलोमीटरचा आकडा एकदा पूर्ण फिरून परत शून्यापासून चालू झालाय. तेव्हा जरा मानाने बोल.

दुसरी गोष्ट, फोनवर मी बोलत नाही. फोनवर माणूस आधी बोलतो आणि मग विचार करतो.

तिसरी गोष्ट. ‘विचित्र आवाज येतो’ असं तू लिहिलंयस. पेशंटने ‘मला विचित्र होतंय’ एवढंच सांगितलं तर तू कुठलं औषध देशील? आवाज कसा येतो ते लिही. खडखड, खटखट, खुळखुळ, करकर, कुईकुई, घरघर, फुसफुस. आपल्याकडे शब्दांना काय तोटा आहे? इंजिन वाढवलं की वाढतो का चाकं पळाली की वाढतो? खड्ड्यात येतो का गुळगुळीत रस्त्यावर? ब्रेकवर नुसता पाय टेकवला तर बदलतो का? दोन दिवस काच खाली करून, तोंड बंद ठेवून गाडी चालव आणि मग लिही.

आणि त्या मेकॅनिकला माझा निरोप दे. ‘वय झालं’ हे कुठल्याही बिघाडाचं नाव नाही. ज्याला बिघाड सापडत नाही तो वयाकडे बोट दाखवतो.

काका


२५ जानेवारी

तीर्थस्वरूप काका,

तोंड बंद ठेवून गाडी चालवली. घरातले सगळे तुमचे आभारी आहेत.

आवाज एक नाही, दोन आहेत. पहिला खुळखुळ. पत्र्याच्या डब्यात सुटे खडे असावेत तसा. बारीक खड्ड्यांतून गेलं की येतो, गुळगुळीत रस्त्यावर गप्प. आणि गंमत म्हणजे ब्रेकवर हलका पाय टेकवला की एकदम बंद! दुसरा चिंगचिंग, मागून, बारीक. वळणावर जास्त येतो. काचेच्या बांगड्या घालून कोणीतरी मागे बसलंय असं वाटतं. संध्याकाळच्या वेळी जरा भीतीच वाटली.

अजून एक विचारायचं राहिलं. स्टिअरिंगच्या मागे तुम्ही एक लाल दिवा बसवलाय. इंडिकेटर दिला की हा भला मोठा दिवा डोळ्यांसमोर उघडझाप करतो. टिकटिक तर ऐकू येतेच की, मग हा कशाला? आणि दोन्ही बाजूंना एकेक जादा आरसा? मला आपलं न्हाव्याच्या दुकानात बसल्यासारखं वाटतं.

भाची


२ फेब्रुवारी

चि. नर्सबाई,

ह्याला म्हणतात पत्र. खुळखुळ लिहिलंस आणि पुढे काही विचारायची गरजच उरली नाही. पुढच्या ब्रेकचे पॅड त्यांच्या जागेत सैल झालेत. त्यांना दाबून धरणाऱ्या लहान स्प्रिंगा असतात, त्या गेल्यात. पाय टेकवला की पॅड चाकाला धरतात, म्हणून गप्प बसतात. किरकोळ काम आहे, पण कर. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने बरं वाटलं ते कधीच कळत नाही.

चिंगचिंग जरा गंभीर आहे. मागे धुराड्याचा नळा रबरी कड्यांवर टांगलेला असतो. एखादं कडं तुटलं असणार आणि नळा वळणावर गाडीच्या पत्र्याला लागत असणार. सगळा नळा पुढून मागे तपासायला लाव. गंजलेला जोड असला तर पुढेमागे गळूनच पडायचा. मध्ये जे डबडं आहे त्याच्या आतली जाळी सुटली असेल तरी असा आवाज येतो. हे अंगावर काढू नकोस.

लाल दिवा मी हौसेने बसवलाय. आरसेही. हात लावायचा नाही.

काका


११ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप काका,

स्प्रिंगा बदलल्या. खुळखुळ गेली! मेकॅनिकने गाडी दोनदा खड्ड्यातून नेऊन आणली आणि मग मला विचारलं, ‘तुम्हाला कोणी सांगितलं?’ मी म्हटलं, आमचे काका पत्रातून ऐकतात.

आता चिंगचिंग. बसून वाचा. मेकॅनिकने धुराड्याचा नळा पुढून मागे तपासला, कडी तपासली, डबडं ठोकून बघितलं. सगळं ठणठणीत. मग तो मागचं दार उघडून मला म्हणाला, ‘ताई, ही पिशवी कोणाची?’ पिशवी माझी. आत स्टीलचा ट्रे आणि ट्रेमध्ये माझ्या कात्र्या. वळणावर त्याच चिंगचिंग करत होत्या. तो मेकॅनिक अजून हसतोय. तुमचं ते पानभर ‘गंभीर’ मी जपून ठेवलंय, कधी फार रुबाब केलात तर उपयोगी पडेल.

असं पुन्हा व्हायला नको म्हणून ह्या वेळी अक्कल चालवली. नवा आवाज सुरू झालाय, तो मोबाईलवर रेकॉर्ड केला आणि मावशीकडून तुमच्या खाली राहणाऱ्या शिंपीकाकांचा नंबर घेऊन त्यांना पाठवला. ते वर येऊन ऐकवतील. ऐका आणि कळवा.

भाची


१९ फेब्रुवारी

चि. नर्सबाई,

शिंपी येऊन गेला. तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये काही अर्थ नाही. यंत्रातून येतो तो यंत्राचा आवाज असतो, गाडीचा नव्हे. असले खेळ मला परत पाठवू नकोस. शब्दांत लिहायचं असेल तर लिही.

कात्र्यांचं लक्षात ठेवीन.

काका


३ मार्च

तीर्थस्वरूप काका,

मी रागावलेय, म्हणून नीट लिहितेय.

काल मी एका आजींकडे निघाले होते. त्यांच्या पायाची जखम रोज धुवावी लागते. वाटेत आवाज इतका वाढला की रस्त्याच्या कडेला थांबले. मेकॅनिक येऊन बघून गेला. म्हणाला, गिअरबॉक्स गेला, आता मात्र खरंच भंगार. आजींकडे चालत गेले. उशिरा पोचले म्हणून त्या रडत होत्या, मी येणार नाही असं त्यांना वाटलं होतं. आमच्या मुख्य बाई म्हणाल्या, ‘जूनपर्यंत अशी गाडी टिकणार आहे का? विचार करा.’ मी म्हटलं, टिकणार. हे सगळं तुम्ही ते रेकॉर्डिंग नीट ऐकलं असतंत तर टळलं असतं!

घ्या, शब्दांत. घूंऽऽऽ. भुंगा बाटलीत अडकल्यासारखा. गाडी पळेल तसा चढत जातो, इंजिनशी संबंध नाही, गिअर काढून नुसती उतारावर सोडली तरी येतोच. उजवीकडे वळलं की मोठा होतो, डावीकडे वळलं की जवळजवळ बंद.

आणि आता दुसरं. परवा रेडिओचा फ्यूज बदलून घेतला. किल्ली फिरवली आणि रेडिओ असा काही बोंबलला की मी भिंतीवर गाडी घालणार होते. आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं होतं. मागच्या बंपरला ठोकल्याच्या खुणा आहेत, सगळ्या गाडी मागे घेतानाच्या. इंडिकेटरची टिकटिक दिसावी म्हणून दिवा. मागचं दिसावं म्हणून आरसे. फोन उचलायचा नाही. जिन्यात मी ओरडले तरी वळायचं नाही. दिवसभर म्हाताऱ्या माणसांमध्ये वावरते मी, आणि हे कळायला मला मार्च उजाडावा लागला!

काका, तुम्हाला ऐकू येतं का?

भाची


९ मार्च

चि. नर्सबाई,

गिअरबॉक्स नाही. डाव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग. उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकावर येतं, म्हणून ते ओरडतं.

खात्री करून घे. सपाट जागी गाडी लावून डावं चाक जॅकवर उचल. गाडीखाली शिरायचं नाही. चाकामागे जी जाड स्प्रिंग आहे तिच्यावर एका हाताची बोटं ठेव आणि दुसऱ्या हाताने चाक गरागरा फिरव. बेअरिंग चांगलं असेल तर बोटांना काही कळणार नाही. गेलेलं असेल तर वाळूत हात घातल्यासारखं खरखरीत लागेल. मग उजवं चाक तसंच फिरवून बघ, फरक कळेल. कानांची गरज नाही.

बाकीच्या प्रश्नाचा गाडीशी काही संबंध नाही. आता तुला आवाज ओळखता येतात. यापुढे पत्र लिहायची आवश्यकता नाही.

काका


१४ मार्च

तीर्थस्वरूप काका,

वाळूत हात घातल्यासारखंच लागलं. डाव्या चाकाला वाळू, उजव्याला लोणी. मेकॅनिकला तिथेच बोलावलं आणि त्याची बोटं धरून स्प्रिंगवर ठेवली. बिचारा खजील झाला आणि बेअरिंग बदलताना मला सगळं दाखवत दाखवत बदललं. बाईसाहेब आता गप्प आहेत. आजींची जखम भरत आलीय.

‘आवश्यकता नाही’ म्हणे. पत्र कधी थांबवायचं ते मी ठरवीन.

भाची


२२ मार्च

काका,

आज काही विचारत नाही. नुसतं सांगते. सकाळी थंडी होती. बाईसाहेब म्हणाल्या: खर्र, खर्र, खर्रर्र, मग एक शिंक, मग भुर्रर्र. पुलावर लोखंडी जोडांवरून जाताना: धडक्‌-धडक्‌. आजींच्या दाराची कडी: खळ्ळ.

भाची


३० मार्च

काका,

दुपारी पाऊस. छतावर आधी टपटप, मग ताडताड, मग एकच भडीमार. वायपर डावीकडे जाताना गुपचूप जातो, उजवीकडून येताना कुईं करतो. एका आजोबांच्या घरी भिंतीवरचं घड्याळ ठोके द्यायच्या आधी घसा खाकरल्यासारखं घर्र करतं. आजोबा स्वतःही बोलायच्या आधी तसंच करतात.

भाची


८ एप्रिल

काका,

आज हँडब्रेक ओढला: करकरकरक. मग मी बॉनेटवर दोन थापा मारल्या, तुम्ही मारल्या होत्या तशा: धप्‌, धप्‌. आतून काहीच उत्तर आलं नाही. तुमच्याकडूनही नाही.

भाची


१६ एप्रिल

चि. बाळ,

तुझी पत्रं रोज वाचतो. एकदा वाचून ठेवत नाही, रोज वाचतो.

नाही येत ऐकू. झालं समाधान? डावा कान आधी गेला, उजवा त्याच्या मागोमाग. सुरुवातीला मी लोकांनाच म्हणायचो, तोंडातल्या तोंडात काय बोलता? मग ओठ बघून काम भागवलं. गाडीत मात्र अडचण नव्हती. हातापायांना सगळं कळत होतं, निदान मी तसं समजत होतो.

गेल्या वर्षी इंजिनावरच्या पंख्याचा पट्टा सैल झाला. हे मला नंतर कळलं. तो किंचाळत होता आणि मी मजेत गाडी फिरवत होतो. रस्त्यातले लोक वळून वळून बघायचे, हात करायचे. मला वाटलं, जन्म गेला आपला ह्या रस्त्यांवर, लोकांनी ओळख ठेवलीय! मीही हात हलवायचो. एका चौकात तर दुकानदार बाहेर येऊन दोन्ही हातांनी खुणा करायला लागला, मी त्याला मान झुकवून नमस्कार केला. इतका आनंद झाला होता मला त्या दिवसांत, काय सांगू. मग गाडी वाफ सोडत दारात बंद पडली. शिंपी धावत आला, काळ्या कापडाच्या तुकड्यावर खडूने लिहून त्याने मला दाखवलं: ‘काका, पट्टा आठवडाभर ओरडतोय. सगळे तुम्हाला तेच सांगत होते.’

मी जिना चढून वर गेलो आणि दार लावून घेतलं. हसू का रडू कळेना. जिचं ओरडणं मला ऐकू येत नाही तिला मी सांभाळणार कसा? म्हणून विकली. तुला देताना एक शब्द बोललो नाही, कारण तू काय विचारशील ते ऐकू येणार नव्हतं आणि तुझ्यासमोर मला ‘काय? काय?’ करायचं नव्हतं.

शिंप्याने तो मोबाईल माझ्या कानाला लावला होता. मी मान डोलावत उभा राहिलो. काहीच नव्हतं आत.

पण तू ‘खुळखुळ’ लिहिलंस ना, ते मला ऐकू आलं. खरंच आलं. वाचता वाचता खोलीत वाजलं. घूंऽऽऽ पण आलं. तुझं ताडताड वाचून मी खिडकी लावायला उठलो होतो. मी आवाज विसरत चाललो होतो बाळ, आणि कोणाला सांगताही येत नव्हतं.

डॉक्टरकडे गेलो होतो एकदा. त्याने माझ्या तोंडासमोर तोंड आणून ‘वय झालं’ असं ओरडून सांगितलं. तेवढं मला ओठांवरून कळलं.

काका


२१ एप्रिल

तीर्थस्वरूप काका,

पत्र वाचून आधी रडले. मग राग आला. माझ्या मेकॅनिकला तुम्ही काय निरोप पाठवला होतात? ‘वय झालं’ हे कुठल्याही बिघाडाचं नाव नाही! माझ्याकडे आहे तुमच्या अक्षरात. बाईसाहेबांसाठी एक न्याय आणि स्वतःसाठी दुसरा? एका माणसाने एकदा सांगितलं आणि तुम्ही भंगारात जाऊन बसलात?

आता मी सांगते ते करायचं. मी स्प्रिंगवर बोटं ठेवली तसं मुकाट्याने करायचं. स्वयंपाकघरातून लांब दांड्याचा लाकडी चमचा घ्या. खाली शिंपीकाकांकडे जा. त्यांना शिलाई मशीन चालू ठेवायला सांगा. चमच्याचं एक टोक मशीनच्या लाकडी फळीवर टेकवा. सुईपासून आणि चाकापासून लांब! दुसरं टोक दातांत घट्ट धरा. मग चमचा काढा आणि नुसत्या कानाने ऐका. दोन्हींत फरक कसा वाटतो ते शब्दांत लिहा. ‘विचित्र वाटलं’ असं लिहिलंत तर पत्र परत पाठवीन.

का ते सांगते. कानाच्या वाटेत कुठेतरी बिघाड असला आणि आतली नस शाबूत असली, तर हाडातून आवाज पोचतो. तसं असेल तर करण्यासारखं बरंच काही असतं. नसच गेली असेल तर गोष्ट वेगळी. काय आहे ते मला माहीत नाही आणि मी खोटी आशा दाखवणार नाही. पण बिघाड कुठे आहे हे न बघता मी तुम्हाला सोडणार नाही.

भाची


२९ एप्रिल

चि. बाळ,

शिंप्याला वाटलं मला वेड लागलं. चमचा दातांत धरून मी त्याच्या मशीनसमोर ओणवा झालो होतो आणि कपडे न्यायला आलेल्या दोन बायका दारातच थबकल्या.

टकटकटकटकटक.

आधी मला वाटलं दात हलतोय. मग शिंप्याने पाय उचलला आणि थांबलं. त्याने पाय ठेवला, परत टकटकटकटक. मी त्याला खूण करून थांबवलं, चालू करवलं, थांबवलं, चालू करवलं. चमचा काढला की काही नाही. लावला की टकटकटक, लांबून, पण स्वच्छ. मी तुला सांगतो, त्याच्या मशीनला तेल हवंय. परतीच्या टाक्याला बारीक कुईं येते. त्याला सांगितलं तर तो चकित झाला. म्हणाला (कापडावर लिहून), ‘मला तर ऐकू येत नाही.’

मग मी तिथेच स्टुलावर बसलो. त्या बायका काय म्हणाल्या माहीत नाही. एकीने पाणी आणून दिलं.

सोमवारी कानांच्या डॉक्टरकडे जातोय. दुसऱ्या.

काका


११ जून

तीर्थस्वरूप काका,

तुमच्या डॉक्टरांची चिठ्ठी मावशीने फोनवर वाचून दाखवली. कानातली लहान हाडं आखडलीत, नस बऱ्यापैकी शाबूत आहे, कानामागच्या हाडावर बसणारं यंत्र लावून बघायचं. मी भर रस्त्यात उडी मारली. ‘बघायचं’ म्हणजे लगेच सगळं पूर्वीसारखं होणार नाही, हे तुम्हाला त्यांनी सांगितलं असेलच. तरीपण उडी मारली.

आता माझं. काल तपासणी झाली. रांगेत माझ्या पुढेमागे चकचकीत गाड्या आणि मध्ये आपल्या बाईसाहेब. तपासनीस बाई भारी कडक. ब्रेक बघितले, दिवे बघितले, खालून बघितलं, चाकं हलवून हलवून बघितली. किलोमीटरचा आकडा बघून म्हणाल्या, ‘एवढीच चाललीय?’ मी म्हटलं, एकदा पूर्ण फिरून आलाय. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, संपलं. मग स्टिअरिंगमागचा लाल दिवा दिसला. ‘हे काय? काढून टाका.’ मी म्हटलं, नाही काढणार. ज्यांनी बसवलाय त्यांना ऐकू येत नव्हतं आणि तरी ही गाडी नीट चालवता यावी म्हणून त्यांनी हे सगळं स्वतः जोडलंय, तुम्ही जोडणी तपासा, चुकीची असेल तर बोला. त्यांनी खरंच वाकून तार अन्‌ तार तपासली. उठल्या, हात झटकले आणि म्हणाल्या, ‘काम चांगलं आहे. राहू द्या.’

पास! शिक्का बसला. मुख्य बाईंच्या टेबलावर कागद ठेवला, त्यांनी वाचला आणि सोमवारपासूनची माझी घरं मला वाचून दाखवली. पक्की झाले मी, काका. आजींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, मला माहीत होतं. काही माहीत नव्हतं त्यांना, रडत होत्या तेव्हा!

भावाला गाडीतून घरी आणलं. वाटेत तो काच खाली करून बसला होता. उतरताना म्हणाला, ‘आवाज काही येत नाही हं आता.’

भाची


३ जुलै

चि. बाळ,

परवा यंत्र बसवलं. पहिला दिवस वाईट गेला. ताटली ठेवली की डोक्यात हातोडा, पाणी सोडलं की धबधबा. वर्तमानपत्राचं पान उलटलं तर दचकलो. काढून फेकावं असं वाटलं. पण तुझं ते ‘बिघाड न बघता सोडणार नाही’ समोर ठेवलं होतं. नाही काढलं. आज जरा बरं आहे. सकाळी शिंपी जिन्यातून येताना चपला फरफटवतो हे कळलं. इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

तुला पक्कं केल्याबद्दल वेगळं काय लिहू? बॉनेटवर दोन थापा मार माझ्या वतीने.

एक काम कर. रविवारी सकाळी बाईसाहेब थंड असतील तेव्हा मला फोन लाव. उचलीन. उचलल्यावर तू काही बोलू नकोस, तुझं नंतर ऐकेन. आधी बॉनेट उघड, फोन इंजिनाजवळ धर, आणि भावाला किल्ली फिरवायला सांग.

काका